दुखऱ्या अंगासाठी बांधलेला कॅम्प

(दृश्य: लाकडी खांबावर टेकलेले दोन हात. कॅमेरा हळूहळू खाली, टाचेपर्यंत.)

हातांकडे नका बघू, खाली टाचेकडे बघा. मागचा पाय सरळ, गुडघा अजिबात वाकलेला नाही आणि टाच जमिनीला चिकटलेली. काकू खांबावर हात टेकवून हळूहळू पुढे झुकतायत आणि टाच आता उचलली जाणार असं वाटलं की तिथेच थांबतात. बस, एवढंच. हा पोटरीचा स्ट्रेच. आणि ही जागा म्हणजे आमच्या फिल्ममधला कॅम्प, दुखऱ्या अंगाची वयस्कर माणसं इथे तंबूत राहायला येतात आणि फिजिओ, म्हणजे फिजिओथेरपिस्ट, त्यांच्याकडून स्ट्रेचिंग करून घेतात.

बघायला गेलं तर यात काहीच नाही, पण वय वाढतं तशी घोट्याची हालचाल कमी होत जाते आणि घोटा नीट वळेनासा झाला की पाऊल पुरेसं उचललं जात नाही, पाय घासत चालायची सवय लागते, मग गुडघा आणि कंबर ती उणीव भरून काढायला जातात आणि तेच दुखायला लागतात, आणि वर पुन्हा अडखळून पडायची भीती. कंबर दुखते म्हणून आलेल्या माणसालासुद्धा इथे आधी पोटरी ताणायला लावतात ते यासाठी.

आता तोच पाय, फक्त गुडघा किंचित वाकवलाय. बघा, काकूंच्या चेहऱ्यावर लगेच कळतं की ताण खाली सरकला, टाचेच्या जवळ. पोटरीत दोन मोठे स्नायू असतात. वरचा गुडघ्याच्या वर सुरू होतो आणि आतला गुडघ्याच्या खाली. पाय सरळ असेल तर वरचा ताणला जातो, गुडघा वाकवला की आतला. एकच केलं आणि दुसरं सोडलं तर काम अर्धंच होतं, आणि बरेच जण नेमकं तेच करतात.

(आवाज: फिजिओ मोठ्याने आकडे मोजतायत. एकेचाळीस, बेचाळीस...)

हो, साठपर्यंत. दहा सेकंदांत सोडायचं नाही. तरुण माणसाला १० ते ३० सेकंद पुरतात, पण उतारवयात ३० ते ६० सेकंद धरलं तर जास्त फायदा होतो. २००१ साली ६५ आणि त्यापुढच्या वयाच्या लोकांवर एक अभ्यास झाला होता, त्यात मांडीच्या मागच्या स्नायूंचा स्ट्रेच एका गटाने १५ सेकंद धरला, एकाने ३० आणि एकाने ६०, आणि लवचिकता सगळ्यात जास्त वाढली ती ६० सेकंदवाल्यांची. वयानुसार स्नायूंच्या भोवतीचं आवरण, स्नायू हाडाला जोडणारे दोर, सगळंच कडक होत जातं, त्यातल्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे एकमेकांना जास्त घट्ट बांधले जातात, त्यामुळे त्याला सैल व्हायला वेळ लागतो. तो वेळ द्यायचा. झटके द्यायचे नाहीत, हिसके तर नाहीतच. आणि श्वास चालू ठेवायचा. श्वास कोंडून जोर लावला की बीपी चढतं. म्हणून तर इथे सगळ्यांना मोठ्याने आकडे मोजायला लावतात, बोलणारा माणूस श्वास रोखून धरू शकत नाही.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी कारण ती फार कमी लोकांना माहीत असते. आपल्याला वाटतं की स्ट्रेच केल्याने स्नायू लांब होतो. पण पहिल्या काही आठवड्यांत जो फरक दिसतो तो बहुतेक स्नायूच्या लांबीतला नसतोच, तो मज्जासंस्थेतला असतो. आधी जिथे ताण आला की मेंदू "थांब" म्हणायचा तिथे आता तो आणखी थोडं पुढे जाऊ देतो. आणि जुनाट दुखण्यात हीच गोष्ट मोलाची आहे.

कारण दुखणं तीन महिन्यांच्या पुढे गेलं की त्याला जुनाट म्हणतात, आणि तोपर्यंत बऱ्याचदा मूळ इजा भरून आलेली असते किंवा निदान दुखण्याएवढी मोठी राहिलेली नसते. इशारा देणारी यंत्रणा मात्र जास्तच जागरूक होऊन बसलेली असते, साधं वाकलं तरी कळ. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडलं की मणक्यातल्या मज्जारज्जूत एक दार असल्यासारखं काम चालतं, स्पर्शाचे, हालचालीचे संदेश जास्त आले की वेदनेचे संदेश तिथेच कमी पडतात. नंतर त्या मांडणीत बऱ्याच दुरुस्त्या झाल्या पण मुख्य मुद्दा टिकला. दुखणं म्हणजे नुसतं बिघडलेल्या सांध्याचं मोजमाप नाही. दोन माणसांचे एक्स-रे सारखेच खराब असू शकतात आणि एक जण आरामात चालतो, दुसऱ्याला उठवत नाही.

त्यामुळे "दुखतंय ना, मग पडून राहा" हा सल्ला, जो घरातली प्रेमाची माणसंच देतात, तो जुनाट दुखण्यात उलटा पडतो. पडून राहिलं की स्नायू आटतात, सांधे आखडतात, आणि हालचालीची भीती वाढत जाते.

(दृश्य: पहाट. तंबूंच्या रांगेवर धुकं.)

हा शॉट आमचा सगळ्यात लाडका. पण या उजेडात तुम्हाला कुणीही स्ट्रेचिंग करताना दिसणार नाही, आणि ते मुद्दाम आहे. रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणूनच सकाळी आपली उंची थोडी जास्त भरते. त्या फुगलेल्या अवस्थेत एकदम पुढे वाकलं तर गादीवर आणि तिच्या भोवती मणके बांधून ठेवणाऱ्या बंधांवर जास्त ताण येतो. कंबर दुखणाऱ्यांनी उठल्या उठल्या पायाचे अंगठे धरायला जाणं म्हणजे दुखण्याला बोलावणं. उठल्यावर तासभर तरी खोल वाकायचं नाही. आधी चालायचं, अंग गरम होऊ द्यायचं, मग ताणायचं.

मग त्या पहिल्या तासात काय करायचं? हे आतलं दृश्य बघा. काका अजून खाटेवरच आहेत. पडल्या पडल्या घोटे वर-खाली, मग गोल. एक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे, दुसरा पाय वाकवून पाऊल खाटेवर टेकलेलं. मग दोन्ही गुडघे एकत्र धरून थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे, खांदे गादीवरून उठू न देता. मग कुशीवर वळून हाताने रेटा देत बसायचं. आणि बसल्यावर लगेच उभं राहायचं नाही, दोन मिनिटं पाय खाली सोडून बसायचं, कारण या वयात एकदम उभं राहिलं की बीपी उतरून डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते.

आता थांबा. काका उभे राहिले ते बघितलंत? हात टेकले नाहीत. त्यांच्यापेक्षाही याचं श्रेय त्या खाटेला आणि खाटेखालच्या फळ्यांना आहे आणि आम्हाला ही फिल्म खरं तर तिथूनच सुचली.

(दृश्य: सुतार फळ्या बसवताना. स्क्रू आवळण्याचा आवाज. जमिनीचा क्लोजअप.)

साधा कॅम्प कसा असतो आपल्याला माहीत आहे. जमिनीवर तंबू, जमिनीवर चटई, आत शिरायचं तर रांगत आणि बाहेर यायचं तर चार पायांवर. पंचवीस वर्षांच्या माणसाला त्यात मजा वाटते. ज्यांचे गुडघे झिजलेत त्यांना ते जमतच नाही, म्हणून ते येतच नाहीत, आणि मग असं धरून चाललं जातं की वयस्कर लोकांना बाहेर राहण्यात रस नसतो. रस असतो हो, उठायला जागा नसते.

इथे प्रत्येक तंबू लाकडी प्लॅटफॉर्मवर आहे. खाली काँक्रीट नाही. जमिनीत आवळता येणारे लोखंडी स्क्रू, त्यावर आडवे वासे, त्यावर फळ्या, आणि दोन फळ्यांमध्ये बोटभर फट म्हणजे पाणी खाली जातं. प्लॅटफॉर्मची कड बसायच्या खुर्चीएवढी उंच. वर जायला रुंद पायऱ्या आणि दोन्ही बाजूंनी कठडा. आत खाटही तेवढ्याच उंचीची. मांडी जमिनीला समांतर राहील किंवा गुडघ्यापेक्षा थोडी वर राहील इतकी उंच बैठक असेल तर उठताना गुडघ्यावर आणि मांडीच्या स्नायूंवर भार खूपच कमी पडतो. बैठक जितकी खाली तितका भार जास्त.

आणि हे सगळं केलं कशासाठी, तर आधी मातीसाठी! कॅम्प चालवणाऱ्या ताईंनी आम्हाला सांगितलं की प्लॅटफॉर्म त्यांनी जमीन वाचवायला बांधायला घेतले होते. तंबू एकाच जागी राहिला, त्याच्या दारात रोज पावलं पडली की माती दबते, तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या बंद होतात, मुळं गुदमरतात, पाऊस आत मुरायच्या ऐवजी वरून वाहून जातो आणि जाताना माती घेऊन जातो. मोकळ्या जागांवरच्या कॅम्पिंगचा अभ्यास करणाऱ्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे, की नुकसानीतला मोठा वाटा पहिल्या काही वापरांतच होऊन जातो. नव्या गवतावर थोडे लोक जरी गेले तरी ते झोपतं, पुढच्या पावलांनी भर पडते ती त्यामानाने कमी. म्हणजे लोकांना सगळीकडे थोडं थोडं पसरवणं हा उपाय नाहीच, त्याने नुकसान सगळीकडे होतं. एकच जागा ठरवायची, ती मजबूत करायची आणि बाकीच्या जमिनीला हातही लावायचा नाही.

पहिल्या हंगामात प्लॅटफॉर्म बुटके होते. मग एका पाहुण्याने विचारलं की हे थोडे उंच का नाही करत, बसता तरी येईल. केले उंच. आणि तिथून पुढे ताईंच्या लक्षात येत गेलं की जमिनीला जे जे हलकं पडतंय ते ते म्हाताऱ्या शरीरालाही सोपं जातंय. आम्हीपण चार दिवस कॅमेरा घेऊन हेच शोधत फिरलो आणि खरंच, जिकडे बघावं तिकडे हे जुळत होतं.

ही पायवाट घ्या. एकच आहे, रुंद, कडेला दगड लावलेले, वर बारीक खडी दाबून बसवलेली. सगळे याच वाटेने जातात म्हणून बाजूचं गवत तुडवलं जात नाही. आणि काठी घेऊन चालणाऱ्याला पाय कुठे टाकायचा हा विचार करावा लागत नाही.

(दृश्य: रात्र. गुडघ्याएवढ्या उंचीचे पिवळसर दिवे.)

दिवे गुडघ्याच्या खाली, तोंड जमिनीकडे, रंग पिवळसर. पांढऱ्या-निळसर प्रकाशाकडे किडे जास्त ओढले जातात आणि वर फेकलेला उजेड रात्रीच्या प्राण्यांचं वेळापत्रक बिघडवतो. पण रात्री टॉयलेटला उठलेल्या आजींसाठी हाच दिवा सगळ्यात चांगला, डोळ्यांवर तिरीप नाही आणि पायरी स्पष्ट दिसते. मोठा फ्लडलाइट लावला असता तर ना किड्यांना झेपला असता ना आजींच्या डोळ्यांना, कारण वयस्कर डोळ्यांना एकदम लख्ख उजेडातून अंधारात आल्यावर पुन्हा दिसायला जास्त वेळ लागतो.

टॉयलेट कोरडं आहे. पाण्याचा फ्लश नाही, वापरल्यावर लाकडाचा भुसा टाकायचा. लघवी वेगळी जाते, त्यामुळे खालचं कोरडं राहतं आणि वास येत नाही, आम्ही आत कॅमेरा लावून बराच वेळ होतो म्हणून खात्रीने सांगतोय. भुशातला कार्बन आणि मैल्यातला नायट्रोजन मिळून ढीग तापतो, तो ५५ अंशांच्या वर काही दिवस नीट राहिला की बहुतेक रोगजंतू मरतात, आणि तरीही ते खत इथे वर्षभर झाकून ठेवतात आणि खायच्या कुठल्याही पिकाला घालत नाहीत, फक्त झाडांना. आता वयस्कर माणसाच्या बाजूने बघा: बसायची उंच सीट, दोन्हीकडे धरायला दांडे, आणि पाणीच नसल्यामुळे फरशी ओली नाही. ओल्या फरशीवर घसरून खुब्याचं हाड मोडणं काय असतं हे ज्यांच्या घरी झालंय त्यांना विचारा.

(दृश्य: शिलाई मशीन. तंबूचं जाड कापड सुईखालून सरकतंय.)

फाटलेला तंबू इथे टाकून देत नाहीत, शिवतात. उन्हाने कापड विरतं, शिवणी उसवतात, ठिगळ लावायचं, शिवणीवर पुन्हा वॉटरप्रूफ लेप द्यायचा की आणखी काही वर्षं चालतो. हे आजोबा पाहुणे म्हणून आलेले, आयुष्यभर शिवणकाम केलेलं, त्यांनी बघितलं आणि स्वतःहून मशीनवर बसले.

आधुनिक कॅम्पिंगची पायाभरणी करणारा माणूससुद्धा शिंपीच होता, थॉमस हायरम होल्डिंग. १८४४ चा जन्म. लहानपणी आईवडिलांबरोबर बैलगाड्यांच्या तांड्यातून अमेरिकेतली गवताळ मैदानं ओलांडली होती. सायकलवर नेता येईल असा हलका तंबू त्याने तयार केला, १९०१ मध्ये सायकलवरून कॅम्पिंग करणाऱ्यांची संघटना सुरू केली तेव्हा तो ५७ च्या आसपास होता आणि कॅम्पिंगवरचं त्याचं मोठं पुस्तक १९०८ मध्ये आलं तेव्हा साठी ओलांडलेली. म्हणजे हा छंद तरुणांचाच आहे असं आपण नंतर ठरवलं, सुरुवात तशी नव्हती.

आणि शिंप्याची पाठ कशी असते? बघा आजोबांची. मान पुढे, खांदे आत, छाती आखडलेली. फोनवर, कॉम्प्युटरवर बसणाऱ्यांची पण हळूहळू अशीच होते. छातीचे स्नायू आखूड होतात आणि पाठीवरचे कायम ताणलेले राहतात, मग दोन खांद्यांच्या मध्ये ठणकत राहतं. लोक पाठ चोळत बसतात आणि मोकळी करायची असते छाती.

तंबूच्या दाराचे हे दोन खांब त्यासाठीच जाड घेतलेत. कोपर खांद्याच्या उंचीला, हाताचा पुढचा भाग खांबावर टेकलेला, एक पाऊल पुढे आणि छाती अलगद दारातून बाहेर. हनुवटी आत. खांदा दुखत असेल तर कोपर थोडं खाली घ्यायचं, जबरदस्ती नाही. आजोबांनी आधी डोकं पुढे काढलं, फिजिओंनी दोन बोटांनी हनुवटी मागे ढकलली, आणि तो सेकंद आम्ही मुद्दाम कापला नाही, कारण अख्खा स्ट्रेच त्या दोन बोटांच्या अंतरात आहे.

मग खुर्चीवरचा खुब्याचा स्ट्रेच. कडेला बसायचं, एक पाय खुर्चीच्या बाजूने मागे न्यायचा, पाठ ताठ. मांडीच्या पुढे, अगदी वर, जांघेत ताण जाणवतो. दिवसभर बसणाऱ्यांचे हे स्नायू आखूड होतात आणि उभं राहिलं की कंबर पुढे ओढतात. कंबरदुखीत यांच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

किती ताणायचं याचं माप सोपं आहे. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य, तर तीन-चारच्या वर जायचं नाही. ताण चालेल, टोचणारी किंवा पायात उतरणारी कळ नाही. आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखणं वाढलेलंच राहिलं तर कालचं जास्त झालं, आज कमी करायचं. बंद नाही करायचं.

आता काही जणांसाठी वेगळे नियम आहेत आणि यात फिजिओ अजिबात सूट देत नाहीत. हाडं ठिसूळ झालेली असतील तर पाठ गोल करून पुढे वाकणं आणि पिळणं टाळायचं, मणका दबून मोडू शकतो. मणक्यातली जागा अरुंद झालेली असेल, म्हणजे चालताना पाय भरून येतात आणि पुढे वाकलं की बरं वाटतं असं ज्यांचं होतं, त्यांनी मागे वाकायचं नाही. खुबा बदलला असेल तर आपल्या सर्जनने काय काय मना केलंय ते आधी विचारायचं. आणि लघवी-संडासवरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा, पायातली ताकद अचानक कमी होणं, ताप, कारण नसताना वजन घटणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यातलं काहीही असेल तर स्ट्रेचिंग नाही, थेट डॉक्टर.

आणखी एक, नुसत्या स्ट्रेचिंगने भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये ६५ च्या पुढच्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल, दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायाम सांगितलेत. स्ट्रेचिंग त्याचं दार उघडून देतं. आखडलेल्या माणसाला चाल म्हणणं सोपं आहे, त्याला चालता येईल असं आधी करावं लागतं.

फरक पडतो का? पडतो, सगळ्यांना सारखा नाही. कुणाचं दुखणं कमी झालं, कुणाचं तेवढंच राहिलं पण जिना चढता यायला लागला, आणि काही जण अर्ध्यात सोडून गेले.

धंद्याचं थोडक्यात. तंबू मोजकेच, वाढवायचे नाहीत हे ठरलेलं. सुट्टीच्या दोन दिवसांच्या गर्दीवर हे चाललं नसतं. पण निवृत्त माणसं आठवड्याच्या मधल्या वारी येतात, जास्त रात्री राहतात, त्यामुळे चादरी कमी धुवाव्या लागतात, येण्याजाण्याचं इंधन जास्त दिवसांवर वाटलं जातं, आणि कामाला असलेल्या माणसांना वर्षभर पगार देता येतो. कॅम्प तगला तो यांच्यामुळे, ताई हे अगदी स्पष्ट सांगतात.

(दृश्य: सामान गाडीत ठेवताना. हातात एक जाड कागदाचं कार्ड.)

जाताना प्रत्येकाला हे कार्ड मिळतं. चार स्ट्रेच, प्रत्येकाचं चित्र, ६० सेकंद, आठवड्यातून निदान तीन दिवस, जमलं तर रोज. मागच्या बाजूला एक मोकळा रकाना आहे, त्यात घरी लिहायचं की ३० सेकंदांत खुर्चीतून हात न टेकता किती वेळा उठता आलं. तीन महिन्यांनी कॅम्पवरून फोन जातो आणि फिजिओ सगळ्यात आधी तो आकडा विचारतात, दुखण्याचं त्यानंतर.